आरागिरणीत 20 पेक्षा कमी माणसं असली तर कामगार कायदा लागतो का?

विचारणाऱ्याची हकीकत थोडक्यात अशी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात वडिलांच्या वेळची आरागिरणी आहे. कामावर 14 माणसं: दोन मिस्त्री, त्यांचे हेल्पर, पट्टीला धार लावणारा एक, ट्रॉलीवरचे गडी, भुसा भरायला आणि फळ्या रचायला तीन बाया. त्यातले चौघे मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडचे, गिरणीमागच्या खोल्यांत राहतात. लाकडाचा ट्रक आला की मुकादम सहा-सात हमाल घेऊन येतो. गेल्या महिन्यात गोल आऱ्यावर एका हेल्परची दोन बोटं गेली. दवाखान्याचं बिल मालकाने भरलं. आता कोणी सांगतं, ‘वीसच्या आत माणसं आहेत, तुले काहीच लागत नाही’. कोणी सांगतं नोटीस येईल. शिवाय यंदा कूपतोडीचा, म्हणजे जंगलाच्या ठरवून दिलेल्या भागातली (कुपातली) झाडं तोडायचा ठेका घ्यायचा विचार आहे. मग कोणते नियम लागतात, आणि सुरुवात कुठून करावी?

लागतात. जवळपास सगळेच लागतात. ‘वीसच्या आत’ हे वाक्य चंद्रपूर-गडचिरोली, गोंदिया, परतवाडा, सगळीकडे मी ऐकत आलो आहे, आणि लाकडाच्या धंद्यात याच्याइतकं महागात पडणारं वाक्य दुसरं नाही. 20 हा आकडा खोटा नाही, पण तो काही ठरावीक गोष्टींपुरता आहे. मजुरीला तो नाही, अपघाताच्या भरपाईला नाही, बाईला पुरुषाएवढा दर देण्याला नाही.

आधी कायद्याची आजची स्थिती सांगतो, कारण बाजारात अजून जुनी नावं चालतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या: वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, आणि व्यावसायिक सुरक्षा-आरोग्य-कार्यस्थिती. किमान वेतन कायदा 1948, कारखाने अधिनियम 1948, कंत्राटी कामगार कायदा 1970, नुकसानभरपाईचा 1923 चा कायदा हे सगळे त्यांत सामावले गेले. नव्या संहितेशी विसंगत नसतील तेवढे जुने नियम बदलाच्या काळात चालतात. म्हणून आऱ्याला कुठलं संरक्षक आवरण हवं यासाठी आजही आपण जुन्या कारखाने नियमांतली मोजमापंच वापरतो.

आता मोजणी. वेतन संहितेला माणसांचा आकडाच नाही. एक हेल्पर असला तरी ती लागू. 10 कामगार झाले की व्यावसायिक सुरक्षा संहितेखाली आस्थापनेची नोंदणी आली, प्रत्येकाला नेमणूकपत्र आलं, ग्रॅच्युइटी आली, आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आलं. तुम्ही 14 आहात, म्हणजे या ओळीच्या आधीच पलीकडे आहात. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 20 झाले की कारखाना, आणि 20 कर्मचारी झाले की भविष्य निर्वाह निधी. ठेकेदाराला परवाना 50 कंत्राटी कामगारांपासून.

पण कारखान्याची मोजणी कशी होते ते बघा. मागच्या 12 महिन्यांत कोणत्याही एका दिवशी किती माणसं कामावर होती, असा तो हिशेब आहे, आणि त्यात मुकादमाने आणलेले धरले जातात. ट्रक खाली करून ओंडके आऱ्यापर्यंत लोटणं हे चिराईच्या कामाशी जोडलेलंच काम आहे. तुमचे 14 आणि सात हमाल मिळून 21 होतात. म्हणजे ट्रकच्या दिवशी तुमची गिरणी कारखाना आहे, आणि एकदा कारखाना झाली की उरलेले दिवसही तो कारखानाच. भविष्य निर्वाह निधीसाठी मात्र एखाद-दुसऱ्या दिवसाच्या तातडीच्या हमालीचा मुद्दा वेगळा मांडता येतो; तिथे नेहमीच्या कामावरची माणसं बघतात, ठेकेदारामार्फतची धरून. तुमच्याकडे दर आठवड्याला तोच मुकादम तेच हमाल आणत असेल तर ती नेहमीचीच माणसं झाली.

माझा सल्ला असा की आकड्याच्या कडेवर उभं राहून वाद घालू नका. कारखाना आहे असं धरूनच गिरणी लावा. आणि सुरुवात कार्यालयातून करू नका, आऱ्यापासून करा.

तुमच्याकडे बोटं गोल आऱ्यावर गेली यात मला नवल वाटलं नाही. मोठ्या बँड आऱ्याला माणूस भितो, ट्रॉली मध्ये असते, हात लांब राहतो. गोल आऱ्यावर माणूस पट्ट्या, रिपा, चौकटीचे तुकडे हाताने पुढे सारतो, पातं टेबलाच्या वर उघडं असतं आणि काम भराभर होतं. सागवान सुकताना आतून ताण धरून बसलेलं असतं. चिरत गेलं की फट मागे मिटते, पातं आवळलं जातं, आणि लाकूड उसळून माणसाच्या अंगावर येतं. त्याच क्षणी ढकलणारा हात मोकळा होऊन थेट पात्यावर पडतो. ‘त्याचं लक्ष नव्हतं’ असं मालक म्हणतात. लक्ष असलेल्या माणसाचाही हात तिथेच पडतो, कारण ही हालचाल त्याच्या हातात नसते.

यावर उपाय म्हणजे पात्यामागे उभी केलेली पोलादी पट्टी, रायव्हिंग नाइफ. ती चिरलेली फट मिटू देत नाही. लाकूडकामाच्या यंत्रांच्या नियमांत तिची मापं दिली आहेत: टेबलाच्या पातळीवर पट्टी आणि दात यांत 10 मिमीपेक्षा जास्त अंतर नको, 600 मिमीपेक्षा लहान पात्यात पट्टी पात्याच्या माथ्यापासून 25 मिमीच्या आत पोचली पाहिजे, 600 मिमी किंवा मोठ्या पात्यात टेबलापासून निदान 225 मिमी उंच पाहिजे. पात्याच्या माथ्यावर आवरण हवं, टेबलाखालचा भाग दोन्ही बाजूंनी झाकलेला हवा. शेवटचं वीतभर लाकूड हाताने नाही, ढकलायच्या काठीने सारायचं, आणि ती काठी टेबलाला साखळीने बांधलेली असू द्या, म्हणजे शोधायला लागत नाही. हे सगळं गावातला वेल्डिंगवाला बसवून देतो. पात्याचा व्यास बदलला की पट्टी मागेपुढे सरकवावी लागते, तेवढं मिस्त्रीला शिकवा.

बँड आऱ्याला खालचं चाक दोन्ही बाजूंनी पत्र्याने पूर्ण झाका, वरच्या चाकाचा पुढचा भाग झाका, आणि लाकूड चिरतं तेवढी जागा सोडून बाकी आऱ्याची पट्टी आवरणात ठेवा. पट्टी तुटली की चाबकासारखी फटकारते. दातांच्या मुळाशी बारीक तडा दिसला की ती पट्टी उतरवायची. ‘आजचा माल काढून घेऊ’ म्हणायचं नाही. शेतकऱ्याच्या बांधावरचं मालकी सागवान येतं त्यात कुंपणाच्या तारा आणि खिळे आत गिळलेले असतात. सालीवर काळसर डाग किंवा गाठीसारखी सूज दिसली तर आधी कुऱ्हाडीने तपासून घ्या. हातात धरायचा धातुशोधक पट्टीच्या दोन-तीन जोडांच्या पैशात येतो.

हातमोज्यांबद्दल लोक नेहमी उलटं करतात. फिरत्या आऱ्यावर हातमोजे घालायचे नाहीत. दात मोज्याचा धागा पकडतो आणि अख्खा हात आत जातो. मोजे ओंडके हलवताना आणि पट्टी बदलताना. मिस्त्रीच्या खांद्यावरचा दुपट्टा, सदऱ्याची सैल बाही, पट्ट्याजवळ भुसा काढणाऱ्या बाईचा पदर, या तिन्हींमुळे अपघात होतात, म्हणून मोटरपासून चाकापर्यंतचा पट्टा जाळीने झाका. आरा चालू असताना भुसा काढायचाच नाही. मुख्य स्विचला कुलूप लावायची सोय करा, आणि पट्टी बदलणाऱ्याच्याच खिशात ती किल्ली. आमच्या भागात वीज जाते-येते. वीज गेली म्हणून मिस्त्री आत हात घालतो आणि वीज परत येते. या एका कुलपाने तो धोका संपतो.

18 वर्षांखालच्या मुलाला आऱ्यावर, रांध्यावर किंवा ओंडक्यांच्या थप्पीवर उभं करू नका, मिस्त्रीचा स्वतःचा मुलगा असला तरी नाही. शाळा सुटल्यावर बापाला हात लावायला येतो, असं सांगितलं जातं. फाटकाच्या आत येऊ देऊ नका.

लाकडाच्या भुशाचा त्रास उशिरा दिसतो म्हणून कोणी मनावर घेत नाही. सागवानाच्या भुशाने अंगाला खाज सुटते, काहींना दमा जडतो. कठीण लाकडाच्या बारीक धुळीने नाकाच्या आणि नाकालगतच्या पोकळ्यांचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत केली. दुपट्ट्यातून बारीक धूळ आरपार जाते. रांधा आणि सँडिंगच्या जागी धूळ ओढणारा पंखा आणि पिशवी बसवा, काम करणाऱ्याला एफएफपी2 दर्जाचा मास्क द्या, आणि संध्याकाळी झाडण्याआधी पाणी शिंपडा. आवाजाची मर्यादा 8 तासांना 90 डेसिबल आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर कानात घालायचे प्लग द्यायची वेळ झाली आहे.

बोट तुटलंच तर काय करायचं हे गिरणीत लिहून लावा, कारण त्या घडीला कोणालाच काही सुचत नाही. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात उंच धरायचा. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, आणि ती पिशवी बर्फात ठेवायची. बोट थेट बर्फाला लावायचं नाही, पाण्यात बुडवायचं नाही, त्यावर हळद-चुना काही लावायचं नाही. बोट जोडणारा सर्जन कुठल्या दवाखान्यात आहे तो नंबर आधीच काढून भिंतीवर ठेवा, म्हणजे आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला, मग नागपूरला अशा फेऱ्यांत वेळ जात नाही.

आता तुमच्या हेल्परचं. दवाखान्याचं बिल भरलंत, चांगलं केलंत. पण ती भरपाई नव्हे. उपचारावर केलेला खर्च भरपाईतून वजा होत नाही. भरपाईचा हिशेब वेगळा आहे आणि तो कागदावर मांडून दाखवतो, कारण हा आकडा मालकाला कोणी सांगत नाही आणि मजुराला तर मुळीच नाही.

समजा त्याचं वय 30 आणि पगार महिना 14,000 रुपये. पूर्ण कायम अपंगत्वाला पगाराच्या 60 टक्के, म्हणजे 8,400 रुपये, गुणिले वयाचा गुणक. तिसाव्या वर्षाचा गुणक 207.98 आहे. गुणाकार होतो 17,47,032 रुपये. एका हाताची दोन बोटं जाणं म्हणजे अनुसूचीप्रमाणे कमाईच्या क्षमतेत 20 टक्के घट, म्हणजे 3,49,406 रुपये. अंगठा गेला असता तर 30 टक्के, 5,24,109 रुपये. चारही बोटं गेली तर 50 टक्के. वय कमी तसा गुणक मोठा: 25 ला 216.91, 40 ला 184.17. हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात. मृत्यू झाला तर 60 ऐवजी 50 टक्के, पण कमीत कमी 1,20,000, आणि ती रक्कम कुटुंबाच्या हातात परस्पर द्यायची नसते, सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करायची असते. देणं झाल्यापासून महिन्याच्या आत भरली नाही तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर भरपाईच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड वर.

गावात अशा वेळी बैठक बसते. सरपंच येतात, दोन-चार नातेवाईक येतात, तीस-चाळीस हजारांवर सौदा ठरतो, आणि ‘आता माझं काही म्हणणं नाही’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतात. तो कागद मालकाला वाचवत नाही. कायद्याने मिळणारी भरपाई कमी करणारा किंवा सोडून द्यायला लावणारा करार मुळातच रद्दबातल असतो. मजूर दोन वर्षांच्या आत दावा करू शकतो. तुम्हाला खरंच प्रकरण मिटवायचं असेल तर डॉक्टरकडून अपंगत्वाचं प्रमाणपत्र घ्या, पूर्ण रकमेचा करार सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंदवा आणि रक्कम बँकेतून द्या. त्या माणसाचा हात अधू झाला आहे. चाळीस हजार पहिल्या पावसाळ्यातच संपतात, आणि हात आयुष्यभर तसाच राहतो.

‘त्याने आवरण काढून ठेवलं होतं’, ‘तो पिऊन आला होता’ असे बचाव कायद्यात आहेत खरे. पण आवरण जाणूनबुजून काढलं असं म्हणायला आधी ते बसवलेलं असावं लागतं, आणि मृत्यू किंवा पूर्ण कायम अपंगत्व असेल तिथे हे बचाव चालतच नाहीत.

आता ईएसआय. पगार 21,000 पर्यंत असलेल्यांना ते लागतं. कामगाराचा हिस्सा 0.75 टक्के, मालकाचा 3.25. म्हणजे 14,000 वर कामगाराचे 105 आणि तुमचे 455 रुपये महिना. या 455 रुपयांत अपघाताची भरपाई, बरा होईपर्यंत साधारण 90 टक्के पगार, आणि त्याच्या बायकापोरांचा दवाखाना येतो, आणि साडेतीन लाखांचा बोजा तुमच्या डोक्यावरून उतरतो. दवाखाना लांब आहे म्हणून मजूरही ‘नको जी, ते पैसे कापू नका’ म्हणतात, मला माहीत आहे. त्यांना हा हिशेब बसवून समजावून सांगा. नोंदणी करायची असून केली नाही आणि अपघात झाला तर महामंडळ मजुराला लाभ देऊन खर्च तुमच्याकडून वसूल करू शकतं. जे ईएसआयमध्ये बसत नाहीत त्यांच्यासाठी विमा कंपनीची कामगार भरपाई पॉलिसी घ्या आणि तिच्यात मुकादमाचे हमाल नावानिशी किंवा संख्येनिशी घालून घ्या. बहुतेक पॉलिसींत तेच राहून जातात.

ज्या इजेमुळे माणूस 48 तास किंवा जास्त कामावर येऊ शकत नाही, तिची सूचना निरीक्षकाला द्यावी लागते. तुमची राहिली असेल तर उशिरा का होईना, द्या. आवरण नव्हतं म्हणून माणूस दगावला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा निदान 5 लाख दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

मजुरीकडे येऊ. किमान वेतनाचा दर उद्योग, परिमंडळ आणि कुशल-अर्धकुशल-अकुशल यांवर ठरतो, आणि त्यावर विशेष भत्ता असतो जो 1 जानेवारी आणि 1 जुलैला बदलतो. मालक मूळ दर एकदा बघतात आणि भत्ता विसरतात. दोन-तीन वर्षांत मोठी थकबाकी साचते. कमी वेतन दिलं तर 50,000 पर्यंत दंड, पाच वर्षांत पुन्हा झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आपल्याकडे चिराईचा दर घनफुटावर असतो. मालक सगळे पैसे मिस्त्रीला देतो आणि मिस्त्री हेल्परला ‘समजून’ देतो. दर फुटावर ठेवायला हरकत नाही, पण दिवसाच्या शेवटी प्रत्येक हेल्परची मजुरी किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, आणि ती जबाबदारी मिस्त्रीची नाही, तुमची आहे. वीज गेली, लाकूड आलं नाही, पट्टी तुटली आणि माणूस मात्र फाटकात हजर होता, तर त्याचा दिवस भरतो. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, वरचा वेळ दुप्पट दराने. रात्री वीज असते म्हणून रात्री आरा चालवता, तर दिवसाची हाजरी आणि रात्रीची हाजरी वेगळी मांडा. आठवड्याला एक सुट्टी, आणि वर्षात 180 दिवस भरले की दर 20 दिवसांमागे एक पगारी रजा.

चुकारा महिन्याचा असेल तर पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत, आठवड्याचा असेल तर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी. काम सोडून जाणाऱ्याचे पैसे दोन कामाच्या दिवसांत. प्रत्येकाला वेतनपावती द्या. ‘लिहून काय करता, देऊन टाका ना पैसे’ असं मजूरच म्हणतो, आणि तेवढ्यावर मालक थांबतो. वेतन संहितेत स्पष्ट आहे की मजुराने थकबाकीचा दावा केला तर पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची, आणि दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. तुम्ही रोख दिलेत, पूर्ण दिलेत, मनापासून दिलेत, पण सही नाही आणि बँकेची नोंद नाही, तर तुम्ही दिलेच नाहीत असा अर्थ निघतो.

इथे मला एक गोष्ट फार खुपते. वन विभागाच्या भीतीने प्रत्येक गिरणीत आवक-जावक रजिस्टर चोख असतं. कुठला ओंडका, कुठल्या वाहतूक परवान्याने, किती घनमीटर, तेही दशांशाच्या तिसऱ्या अंकापर्यंत. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या गोदावर्मन या जंगलतोडीवरच्या प्रकरणातल्या आदेशानंतर तर आरागिरणीचा परवाना म्हणजे जीव की प्राण झाला, आणि ते ठीकच आहे. पण त्याच टेबलावर हाजरीची वही मागितली तर खिशातली डायरी निघते, तिच्यात ‘रामा 3, उचल 500’ एवढंच. लाकडाचा हिशेब इतका नेमका ठेवता येतो, तर माणसाचाही ठेवता येतो. आणि हे दोन कागद एकमेकांशी ताडून बघता येतात: या महिन्यात एवढं लाकूड चिरलं, मग हाजरीत सहाच माणसं कशी? परवाना वन विभागाचा असला म्हणून कामगार खात्याचं काही उरत नाही, असंही समजू नका. दोन्ही वेगळे रस्ते आहेत.

उचलीचं जपून करा. दिवाळीला, लग्नाला, दवाखान्याला पैसे द्यावे लागतात, आणि नोंद करून पगारातून हप्त्याने कापता येतात. पण एकूण कपात पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये. आणि ‘उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही’ हे वाक्य तोंडातूनही काढू नका. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली तो गुन्हा होतो. बालाघाटच्या चौघांची आधार कार्डं तुमच्या कपाटात असतील तर आजच परत द्या. त्यांना खोली दिलीत, तर तिथे पिण्याचं पाणी, संडास आणि विजेच्या तारांपासून सुरक्षित जागा हवी.

तीन बायांचा दर. ‘भुसा भरणं हलकं काम’ म्हणून त्यांना कमी देतात. त्या भुसाच भरत नाहीत, फळ्या वाहतात, थप्पी लावतात, साल काढतात. तेच काम पुरुष हमाल करतो तेव्हा त्याला जे देता तेच त्यांना द्या. त्यांच्यासाठी वेगळं, दाराला आतून कडी असलेलं स्वच्छतागृह बांधा. आजही कित्येक गिरण्यांत बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते, आणि आमच्या उन्हाळ्यात पाणी न पिणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

राहिला कूपतोडीचा ठेका. तिथे तुम्ही ठेकेदार, आणि वन विभाग किंवा वनविकास महामंडळ मूळ मालक. 1947 पासून महाराष्ट्रात जंगल कामगार सहकारी संस्था कूप घेतात. तिथे संस्थाच मालकाच्या जागी असते. कोणीही असो, झाडं पाडणं हे नुकसानभरपाईच्या यादीतलं काम आहे. कुपात मजुरी घनमीटरवर किंवा नगावर ठरते, आणि कामाला जोडपं येतं. नवरा पाडतो, बायको फांद्या छाटते, साल काढते, बिट (लाकडाचे ढीग) रचते. मस्टरवर मात्र एकट्या नवऱ्याचं नाव. दोघांची मजुरी एकाच्या नावावर गेल्याने कागदावर त्याला किमान वेतनाच्या वर मिळालेलं दिसतं आणि तिला काहीच नाही. उद्या तिच्या पायावर ओंडका आला तर ती तिथे कामाला होती हेच कोणी मान्य करत नाही. माझ्या मते कूपतोडीतला सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे. तुम्ही ठेका घेतलात तर पहिल्या दिवसापासून दोघांची नावं, दोघांच्या सह्या किंवा अंगठे, दोघांच्या खात्यात पैसे, एवढी एक गोष्ट करा.

पाडताना झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कोणी नको. पडायच्या बाजूला खाच, मागून काप, आणि मधे थोडं लाकूड बिजागरीसारखं शिल्लक ठेवायचं, म्हणजे झाड ठरलेल्या दिशेने जातं. पळायची वाट मागे तिरपी, आधी झुडूप तोडून मोकळी केलेली. दुसऱ्या झाडात अडकलेल्या झाडाखाली कोणी जायचं नाही, चहा प्यायलाही नाही. चेनसॉ वापरणार असाल तर शिकलेलाच माणूस, हेल्मेट, डोळ्यांपुढे जाळी, पायाला कापणार नाही असं पँटवरचं संरक्षण. एप्रिलनंतर सकाळी सहा ते अकरा काम ठेवा. सर्पदंशासाठी जवळच्या कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष आहे ते ठेका सुरू व्हायच्या आधी विचारून ठेवा आणि कुपात एक गाडी उभी राहू द्या. वाघाच्या हल्ल्यात वन विभागाकडून कुटुंबाला मदत मिळते, पण तेवढ्याने ठेकेदाराची भरपाईची जबाबदारी संपत नाही. घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातही, कामाशी संबंध दिसत असेल तर, आता भरपाईत धरला जातो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मजूर भरून आणता तेव्हा हे लक्षात असू द्या.

बांबूचंही काम घेणार असाल तर एक वेगळा प्रश्न येतो. मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार हातात आला, आणि त्यानंतर गडचिरोलीत कित्येक ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागल्या. ग्रामसभा स्वतः तोड करते तिथे तोडणारे आणि मालक एकच लोक असतात. पण व्यापारी म्हणून तुम्ही तोडीसह माल घेतला, तर मजूर कोणाचे? करारात लिहिलेलं नसेल तर अपघातानंतर दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. मजुरी कोण देणार, मस्टर कोण ठेवणार, विमा कोणाच्या नावाने, हे ग्रामसभेच्या ठरावात आणि करारात दोन्हीकडे उतरवून घ्या.

निरीक्षकाची भीती विचारलीत. नव्या व्यवस्थेत तो निरीक्षक आणि मार्गदर्शक अशा दोन्ही भूमिकांत आहे, आणि नोटीस यायच्या आधी स्वतः जाऊन नोंदणी करणाऱ्याशी बोलणं वेगळं असतं, हा माझा अनुभव आहे. या आठवड्यात गोल आऱ्याला पट्टी आणि आवरण बसवून घ्या, तोपर्यंत तो बंद ठेवा. हेल्परच्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा. हाजरीची वही आजपासून सुरू करा, मागच्या तारखा रंगवू नका. बनवलेली वही एका नजरेत ओळखू येते आणि खरीलाही खोटं पाडते. त्यानंतर महिन्याभरात नेमणूकपत्रं, आस्थापना नोंदणी, ईएसआय किंवा पॉलिसी. चंद्रपूरला सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाताना गिरणीचा परवाना, वीजबिल, 14 जणांची नावं आणि मुकादमाच्या हमालांची नावं, एवढं सोबत न्या. हमालांची यादी विसरू नका, पहिला प्रश्न तिच्यावरच येतो.